चाळणीतला बर्फ

त्या डिसेंबरात एदेल्मिरा उयोआला एकच गोष्ट हवी होती. भावाची नात माइते हिच्या हातात नाताळची चाळण पडू नये, एवढीच. स्वतःसाठी काही मागायचं तिनं सोडून दिलं होतं. छातीत हवा मावत नव्हती, चार पायऱ्या चढल्या की भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं, आणि आमच्या टेकडीवर पायऱ्यांशिवाय दुसरं आहे काय?

चाळण पिठाचीच होती, कुठल्याही घरात असते तशी. पण तिची एवढी धास्ती का, हे कळायला एदेल्मिराच्या लहानपणात शिरावं लागतं, आणि तिच्या लहानपणात शिरायचं म्हणजे गोदीत शिरायचं.

पुएर्तो आन्सेल्मोच्या आरमारी गोदीचा भोंगा झाला की टेकडी उठायची, भोंगा झाला की जेवायची, आणि भोंगा झाला की चुलीवर पुन्हा किटली चढायची. घड्याळ काय ते पाद्रीबाबांकडे, तेही भोंग्यावर लावलेलं. घरं सगळी एका रंगाची, लढाऊ जहाजाच्या राखाडी रंगाची, कारण रंग गोदीतूनच यायचा, जेवणाच्या पिशवीत लपून. मुकादमाचा त्याकडे कानाडोळा असायचा, त्याचंही घर राखाडीच होतं. दारं राखाडी, पाळणे राखाडी, कोंबड्यांची खुराडी राखाडी, आणि माणूस मेला की त्याच्या थडग्यावरचा क्रूसही राखाडी. भांडी विकायला येणारा एक फेरीवाला म्हणायचा, "तुमची टेकडी शत्रूला काही दिसायची नाही बुवा!" आम्हाला ते खरंच वाटायचं.

टेकडीवर बोलायची तऱ्हाही वेगळी. हातोड्यांच्या आवाजानं बापे मंडळी ठार बहिरी झालेली. बायकांनी काही वर्षं ओरडून पाहिलं, मग कंटाळून आवाजच सोडून दिला आणि नुसते ओठ हलवायला लागल्या. एदेल्मिराला अक्षरं वाचता यायच्या आधी ओठ वाचता येत होते. गल्लीच्या पार त्या टोकाला उभी राहून आई नुसत्या ओठांनी म्हणायची, "बटाटे आण, आणि वाटेत खेळत बसलीस तर तंगडं मोडीन," आणि एदेल्मिराला तंगड्यापर्यंत सगळं कळायचं. शाळेत नव्या आलेल्या बाईंना वाटलं, काय हा शांत वर्ग! पोरं त्यांच्या तोंडावर त्यांच्याच नाकाची टिंगल करत होती, पण बिनआवाजाची.

एदेल्मिराचा बाप आबेलार्दो जहाजांच्या बॉयलरखोलीत कामाला होता. वाफेच्या नळ्यांची ऊब टिकावी म्हणून त्यांच्यावर लोकरीसारखा पांढरा लगदा लिंपायचा आणि वरून कापड गुंडाळायचं, हे त्याचं काम. हे काम करणाऱ्यांना टेकडीवर पीठवाले म्हणत, कारण संध्याकाळी घरी येताना त्यांच्या भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या, मिशा तर विचारूच नका. एदेल्मिराची आई रोसेंदा त्याला उंबऱ्यातच अडवायची.

"तिथंच थांब, पीठवाल्या! आत्ताच घर झाडलंय."

"अगं, भूक लागलीय."

"भुकेला म्हणावं थांब जरा. आधी अंग झटक."

मग तो पोरांना हाक मारायचा. एदेल्मिरा आणि धाकटा निबाल्दो धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायचे आणि तो मुद्दाम, ओल्या कुत्र्यासारखा, डोक्यापासून अंग हलवायचा. अंगण पांढरं व्हायचं. पोरं तोंड उघडून, जीभ बाहेर काढून वर बघत उभी राहायची. त्याच्याइतकं सुख एदेल्मिराला पुढे कशानं झालं नाही. लग्न ठरलं होतं तेव्हाही नाही, आणि मोडलं तेव्हा तर त्या आठवणीनंच तिला हात दिला. बापाचं झटकून झालं की आई त्याचे कपडे दगडावर आपटायची, आपटताना गाणं म्हणायची, आणि गाता गाता शिंकायची.

त्या पांढऱ्याला आम्ही बर्फ म्हणायचो. खरा बर्फ टेकडीवर कुणी पाहिला होता? पृथ्वीच्या दक्षिणेला आमचा नाताळ भर उन्हाळ्यात येतो, चेरी पिकलेल्या असतात आणि माणसं घामानं निथळत असतात. पण देवळातल्या तसबिरीत येशूच्या गोठ्यावर बर्फ होता, म्हणून आमच्या गोठ्यालाही तो हवाच. खालच्या पेठेतले लोक त्यांच्या गोठ्यावर कापूस चिकटवायचे. कापूस! टेकडीला हसू आवरायचं नाही. कापूस काय पडतो का? आमचा बर्फ पडायचा.

तो असा. वर्षभर पीठवाले आपापल्या जेवणाच्या डब्यातून चिमूट चिमूट स्वच्छ बर्फ आणून देवळातल्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात साठवायचे. नाताळच्या आदल्या दिवशी, दुपार कलली की सगळी टेकडी देवळात जमायची. गोठा मांडलेला, मेंढरं, गाढव, तीन राजे जागच्या जागी. मग एका मुलाला स्टुलावर उभं करायचं आणि त्याच्या हातात बर्फानं भरलेली चाळण द्यायची. सगळ्यांनी श्वास धरायचा, कारण बर्फ इतका हलका की कुणी जोरात उसासा टाकला तरी भलतीकडे उडायचा. पहिली कणी गोठ्याच्या छपरावर टेकली की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "पडला!" आणि त्यानंतरच बाळ गव्हाणीत ठेवायचं.

ज्या वर्षी मान एदेल्मिराचा होता, त्या वर्षी बापानं स्वतः तिला उचलून स्टुलावर ठेवलं. तिच्या दोन्ही वेण्यांना आईनं घट्ट रिबिनी बांधल्या होत्या. बापानं चाळण भरली, आणि तो बहिरा असल्यामुळे त्याला वाटलं आपण कुजबुजतोय, पण अख्ख्या देवळानं ऐकलं.

"श्वास धर हं, बाळे! नाहीतर उडून जाईल!"

देवळात खसखस पिकली. पाद्रीबाबासुद्धा हसले. एदेल्मिरानं गाल फुगवून श्वास धरला आणि चाळण हलवली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, त्यात तो बर्फ खाली यायलाच तयार नव्हता, नुसता तरंगत राहिला. तिचा श्वास संपला. तिनं तोंड उघडलं आणि हावरटासारखी मोठी हवा ओढून घेतली. तेवढ्यात सगळे ओरडले, "पडला!"

नंतर कितीतरी वर्षं ती एवढंच सांगायची की, त्या हवेला चव नव्हती आणि घशात जरा खाजलं.

निबाल्दोचा मान पुढे आला. त्यानं अर्धा बर्फ गाढवाच्या डोक्यावर ओतला आणि त्याला घरी धपाटे मिळाले, पण तेही हसत हसत.

मग बाप खोकायला लागला. टेकडीवर खोकणारे बापे पुष्कळ होते. त्याला आम्ही गोदीची छाती म्हणायचो, जसं एखाद्याला म्हणावं की याचं नाक बापावर गेलंय. समुद्राचा वारा, स्वस्त तंबाखू, थंड वाईन, कारणांची वाण नव्हती. आबेलार्दो शेवटी इतका वाळला की राखाडी पलंगावर शोधावा लागायचा. तो गेला, आणि टेकडीनं त्याला आपल्या रंगाचा क्रूस दिला.

पुढे रोसेंदा गेली, तशाच खोकल्यानं. याचं मात्र सगळ्यांना नवल वाटलं. ती कधी गोदीच्या फाटकाच्या आत गेली नव्हती, तंबाखूला शिवत नव्हती. "नवऱ्यामागं झुरली बिचारी," असं टेकडीनं ठरवलं आणि रडून मोकळी झाली. खरं सांगायचं तर त्या वेळी ते आम्हाला फार सुंदर वाटलं होतं. आज आठवलं की संताप येतो, आणि तो कुणावर काढायचा हेही कळत नाही.

दरम्यान नव्या जहाजांना तो लगदा लागेनासा झाला. का, ते गोदीत कुणी सांगितलं नाही आणि टेकडीनं विचारलं नाही. शेवटच्या पीठवाल्यांनी उरलासुरला बर्फ घरी आणला. देवळाचा डबा भरला, आणि राहिला तो ज्यांच्या घरी मुलं होती त्यांनी मूठ मूठ वाटून घेतला. काचेच्या बरणीत भरायचा, झाकण मेणबत्तीच्या मेणानं बंद करायचं आणि गेलेल्या माणसाच्या फोटोशेजारी ठेवायची ती बरणी. घरोघरी अशा बरण्या होत्या. त्या कधी कुणी उघडत नसे. एदेल्मिराला मूलबाळ नव्हतं, तिच्या वाट्याला बरणी आली नाही, आणि तेव्हा तिला ते फार लागलं होतं.

त्या डिसेंबराआधीच्या हिवाळ्यात निबाल्दो गेला. त्याच्या पाठोपाठ एदेल्मिराचा खोकला सुरू झाला तेव्हा भाचा तिला बळेच शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण होती, राजधानीतून आलेली.

"गोदीत काम केलंत का कधी?"

"बायकांना कोण घेतंय गोदीत? मी शिवणकाम करते."

"घरचं कुणी होतं गोदीत?"

"वडील होते ना."

"त्यांचे कामाचे कपडे कुठं झटकायचे?"

एदेल्मिराला हसूच आलं. एवढ्या शिकलेल्या बाईला अंगणातल्या गमतीचं काय कौतुक, असं तिला वाटलं. पण कुणी विचारल्याचा आनंद असतोच. तिनं सगळं रंगवून सांगितलं, बापाच्या पांढऱ्या मिशा, मिठी, आईचं शिंकणं, चाळण, स्टूल, तरंगणारा बर्फ, "पडला!" सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की, डॉक्टरणीनं लिहायचं थांबवलंय आणि हात तोंडावर ठेवलाय.

मग तिनं त्या बर्फाचं खरं नाव सांगितलं. अ‍ॅस्बेस्टॉस. श्वासातून छातीत गेला की अर्धं आयुष्य गप्प बसतो, मग उठतो. औषध नाही.

"म्हणजे आईसुद्धा?" एदेल्मिरानं विचारलं.

"बहुतेक."

"निबाल्दो?"

डॉक्टरणीनं तिचा हात हातात घेतला.

"सगळ्यांनाच होतं का हो हे?"

"नाही, नाही. सगळ्यांना नाही होत." ती घाईघाईनं म्हणाली. "पण आजी, तो डबा अजून असेल तर मुलांना त्याच्या जवळ जाऊ देऊ नका. ओला करा, घट्ट बंद करा आणि माझ्याकडे पाठवा."

बसमधून परत येताना एदेल्मिरा रडली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. यंदाचा मान माइतेचा आहे.

डबा देवळाच्या वतीनं ओर्तेन्सियाबाईकडे, म्हणजे आमच्या दोन्या ओर्तेन्सियाकडे असायचा. दोन्या ओर्तेन्सिया पीठवाल्या लुचोची विधवा, टेकडीवरची सगळ्यांत जाड आवाजाची बाई. तिची तेरेसा नावाची मुलगी ऐन चाळिशीत खोकून गेली होती. एदेल्मिरा पायऱ्या चढून, दोनदा बसून, तिच्या दारात पोचली आणि धापा टाकत एकदाचं सगळं बोलून मोकळी झाली.

ओर्तेन्सिया सोललेल्या मक्याचं कणीस हातात धरून ऐकत राहिली.

"कोण म्हणालं हे?"

"डॉक्टरीण म्हणाली."

"कुठली?"

"राजधानीची."

"हात्तिच्या! तिला काय ठाऊक बर्फ!" ओर्तेन्सियानं कणीस खाली ठेवलं. "ऐक, एदे. माझा लुचो स्वतःच्या पावाची जागा रिकामी ठेवायचा डब्यात. पोरांना बर्फ हवा म्हणून. उपाशी राहायचा तो, कळलं? आणि तू माझ्या घरात उभी राहून म्हणतेस, त्यानं विष आणलं? माझी तेरेसा तिच्या बापानं मारली?"

"मी तसं कुठं..."

"तसंच म्हणतेयस. मग म्हण ना! माझ्या तोंडावर म्हण. आणि तुझ्या आबेलार्दोनं काय केलं, तेही म्हण एकदा."

एदेल्मिराच्या जिभेवर शब्द आले होते. पण डोळ्यांसमोर बाप उभा राहिला, भुवया पांढऱ्या, हसत अंग झटकणारा, आणि तिला ते म्हणता येईना. तिला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की, खोकल्याची उबळ आली. ओर्तेन्सियानंच तिला पाणी दिलं, पाठ चोळली. भांडण कितीही असो, खोकणाऱ्याची पाठ आमच्याकडे कुणीही चोळतं.

पाणी पिऊन झाल्यावर एदेल्मिरा खोटं बोलली.

"मी नवस बोललेय, ओर्तेन्सिया."

"कुणाला?"

"कार्मेनच्या मारियामातेला. यंदा बाळाच्या गोठ्यावर माझ्या हातचं पीठ पडेल म्हणून. माझ्या छातीसाठी."

ओर्तेन्सियाचा चेहरा एकदम निवळला. नवसाच्या आड कुणी येत नसतं.

"अगं भवाने, मग हे आधी नाही सांगायचं? डॉक्टरीण काय, विष काय, काय वाट्टेल ते बरळत बसलीस!" तिनं पलंगाखालून डबा ओढून काढला. "घेऊन जा. पण पुढच्या वर्षी बर्फच पडणार हं."

एदेल्मिरानं डबा घरी नेला, ओल्या पोत्यात गुंडाळला, झाकण जेमतेम उचलून आत पाणी ओतलं आणि तारेनं बांधून भाच्याबरोबर इस्पितळात पाठवून दिला. देवाच्या आईच्या नावानं खोटं बोलल्याचं पाप तिनं मुकाट्यानं आपल्या खात्यावर घेतलं. त्या रात्री तिला झोप लागली. कित्येक महिन्यांनी लागली.

नाताळच्या आदल्या दिवशी माइते स्टुलावर चढली. तिच्या वेण्यांना रिबिनी होत्या. चाळणीत गव्हाचं पीठ होतं, एदेल्मिरानं स्वतः दोनदा चाळलेलं. देवळानं श्वास धरला. माइतेनं चाळण हलवली, आणि पीठ पडलं, पिठासारखंच पडलं. बदकन. उकाड्यानं त्याचे गोळे झाले होते, एक गोळा तर थेट राजाच्या उंटावर बसला. तरंगलं काहीच नाही. कुणीतरी कसंबसं "पडला" म्हणालं. मागच्या बाकावरून एक पोरगं ओरडलं, "पीठ थापून झालं, आता भाकरी भाजा!" आणि सगळी पोरं हसली. माइतेला रडू फुटलं. ती स्टुलावरून उतरली ती कुणाकडे न बघता बाहेर पळाली.

रडू दे, एदेल्मिराच्या मनात आलं. पोटभर रडू दे. रडणाऱ्या मुलीकडे बघून तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

बाळ गव्हाणीत ठेवलं गेलं, गाणी झाली. मग तिनं माइतेची समजूत काढायला वाटीभर चेरी घेतल्या आणि हळूहळू पायऱ्या उतरून निबाल्दोच्या घरी गेली. सूर्य अजून समुद्रावर होता. दार उघडंच होतं.

माइते आजोबाच्या पलंगावर उभी होती. हातात आईची चाळण. उशीवर काचेची बरणी, बाजूला मेणाचे तुकडे, आणि भिंतीवर निबाल्दोचा फोटो. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या उन्हात, पलंगावर, बाहुलीवर, माइतेच्या केसांवर, बर्फ तरंगत होता.

"आत्याआजी, बघ! खरा!" तिचे डोळे रडून सुजले होते, पण ती हसत होती. "पिठाचा काही पडला नाही ना, म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं, आपापल्या घरी पाडायचा. आजोबांचा आहे हा. त्यांनी माझ्यासाठीच ठेवला होता."

एदेल्मिराला ओरडायचं होतं. छातीत हवाच नव्हती. नुसते ओठ हलले, "टाक ते. टाक खाली, बाळे, बाहेर ये." लहानपणी हे तिचे ओठ गल्लीच्या दुसऱ्या टोकावरूनही कुणीही वाचले असते. माइतेच्या घरात बहिरं माणूस आता कुणी उरलं नव्हतं, तिला ओठ वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला वाटलं, आत्याआजी वेडावतेय. ती खुदकन हसली आणि चाळण आणखी उंच धरली.

"श्वास धर हं, आत्याआजी! नाहीतर उडून जाईल."

एदेल्मिराच्या हातातली वाटी पडली. ती पलंगाशी पोचली, पोरीला तिनं ओढून घेतलं आणि तिचं तोंड आपल्या झग्यात दाबून धरलं. दोघींच्या डोक्यावर ते पांढरं सावकाश खाली येत राहिलं. उघड्या दारातून शेजारच्या घरातल्या मुलांचा ओरडा आला, "पडला!" मग त्याच्या पलीकडच्या घरातून, मग वरच्या गल्लीतून, टेकडीभर.